गावची मुलं दोन शाळांत वाटली गेली : अमेरिकेतल्या अनुभवातून जि.प. शाळेला काय घेता येईल?

कवेलू

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या जि.प. प्राथमिक शाळेसाठी विचारतो आहे. पहिली ते पाचवी, पट ३४, शिक्षक दोन. गावठाणातली जवळपास सगळी मुलं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. अंतर १४ किलोमीटर, सकाळी चौकात तीन व्हॅन लागतात. आपल्या शाळेत उरली ती बौद्धपुऱ्यातली, कोलामांच्या वस्तीवरची म्हणजे पोडावरची आणि पारध्यांच्या वस्तीवरची म्हणजे बेड्यावरची. असा नियम कोणी केलेला नाही. पण दहा वर्षांत गावाच्या दोन शाळा झाल्या, एक व्हॅनवाल्यांची आणि एक पायी जाणाऱ्यांची.

शाळा व्यवस्थापन समितीला दीड लाख रुपये मिळायचे आहेत. बहुतेकांचं म्हणणं असं, की स्मार्ट टीव्ही लावा, टॅब घ्या, शाळा डिजिटल करा, म्हणजे व्हॅनमधले पोट्टे आपोआप परत येतील. मला हे पटत नाही, पण विरोधात बोलायला हाताशी काही नाही.

अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि त्या एकत्र केल्या, एवढं माहीत आहे. ते नेमकं कसं केलं, कुठे फसलं, आणि त्यात संगणकाचा काही उपयोग झाला का? दुसरं, टीव्ही-टॅब घ्यायचेच ठरले तर आमच्याकडच्या विजेच्या लाईनवर आणि उन्हाळ्यात ते टिकवायचे कसे? २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडायचं आहे, म्हणून मोघम नको.

वर्धाकाठ

कवेलूभाऊ, तुमच्या गावाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण एका ग्रामीण भागाचंच आहे. व्हर्जिनिया राज्यातली न्यू केंट काउंटी. अमेरिकेचं नाव निघालं की लोक १९५४ चा ब्राउन खटला सांगतात आणि तिथेच थांबतात. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की रंगावरून वेगळ्या केलेल्या शाळा मुळातच असमान असतात. १८९६ पासून चालत आलेलं ‘वेगळं पण समान’ हे तत्त्व शाळांपुरतं तिथे निकालात निघालं. पण १९५५ च्या पुढच्या आदेशात तारीख घातली नाही. घाई करा, पण सवडीने, अशा अर्थाची शब्दयोजना ठेवली. त्या फटीतून दहा वर्षं गळून गेली. १९६४ साली दक्षिणेतल्या शंभर काळ्या मुलांमागे जेमतेम दोन-तीन मुलं गोऱ्यांचं प्रमाण जास्त असलेल्या शाळेत होती. कॅलेंडरवरची तारीख नसलेला ठराव काय करतो ते यात दिसतं. ग्रामसभेत ठराव घ्याल तेव्हा हे आठवा.

आता न्यू केंट. लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास, निम्मे काळे, निम्मे गोरे. वस्त्या वेगळ्या नव्हत्या, लोक काउंटीभर मिसळून राहत. शाळा दोनच. पूर्वेची न्यू केंट शाळा गोऱ्यांची, पश्चिमेची वॉटकिन्स शाळा काळ्यांची. मुलं सुमारे १,३००, त्यांतली ७४० काळी. बस २१. त्यांतल्या ११ वॉटकिन्सच्या आणि १० न्यू केंटच्या, आणि त्या एकमेकींच्याच वाटांवरून धावायच्या. तुमच्या चौकातल्या तीन व्हॅन डोळ्यांसमोर आणा.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आला. रंगभेद चालू ठेवणाऱ्या शाळेचं केंद्राचं अनुदान थांबवता येईल, अशी तरतूद त्यात होती. लगेच १९६५ मध्ये केंद्राकडून शाळांना मोठा निधी सुरू झाला. निधी जाईल म्हटल्यावर न्यू केंटच्या शिक्षण मंडळाने योजना काढली, की ज्याला जी शाळा हवी ती त्याने निवडावी. कागदावर दोन्ही दारं उघडी. तीन वर्षांनी हिशेब पाहिला तर ११५ काळी मुलं न्यू केंट शाळेत गेली होती, वॉटकिन्समध्ये एकही गोरं मूल आलं नव्हतं, आणि ८५ टक्के काळी मुलं होती तिथेच होती. १९६८ च्या ग्रीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाला सांगितलं, की पालकांच्या निवडीवर ओझं टाकून तुम्ही मोकळे होऊ शकत नाही. प्रत्यक्षात आणि आत्ता उपयोगी पडेल अशी योजना तुम्हीच आणा. मार्गही सोपे होते. पूर्वेकडची सगळी मुलं पूर्वेच्या शाळेत आणि पश्चिमेकडची पश्चिमेच्या. किंवा एका इमारतीत खालचे वर्ग आणि दुसरीत वरचे.

त्याच निकालातून शाळा खरंच एक झाली का हे तपासायच्या सहा बाबी पुढे रूढ झाल्या. मुलं, शिक्षक, इतर कर्मचारी, वाहतूक, शाळेबाहेरचे उपक्रम आणि इमारत-सुविधा. ही यादी आपल्याकडे जशीच्या तशी लावता येते. कोणत्या वर्गात कोणत्या वस्तीची किती मुलं, स्वयंपाक करणाऱ्या ताई कोणत्या वस्तीतल्या, पोडावरून येणाऱ्या मुलांचा नाला पावसात बंद होतो का, सहलीला आणि गॅदरिंगला कोण मागे राहतं. एका पानाचा तक्ता होतो. तो करून ग्रामसभेत वाचा. भाषणापेक्षा त्याचं वजन जास्त पडेल.

संगणकांबद्दल. तुमच्या समितीचा जो विचार आहे तो मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत अतिशय मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. न्यायालयाच्या आदेशाने १९८५ पासून तिथल्या शाळा इतक्या उत्तम करायच्या ठरल्या, की उपनगरांतली गोरी मुलं आपण होऊन शहरात यावीत. हायस्कूलच्या वर्गावर्गात १५ संगणक, वातानुकूलन, तारांगण, ऑलिंपिक मापाचा पोहण्याचा तलाव. दहा-बारा वर्षांत राज्य आणि शहर मिळून २०० कोटी डॉलरच्या घरात खर्च झाला. इमारती चांगल्या झाल्या, ती गरजही होती, कारण जुन्या इमारती पडायला आल्या होत्या. पण उपनगरांतली मुलं अपेक्षेइतकी आली नाहीत आणि मुलांच्या गुणांतही खर्चाच्या मानाने वाढ दिसली नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की हद्दीबाहेरची मुलं ओढून आणणं हे उद्दिष्टच खालच्या न्यायालयाच्या अधिकारात बसत नाही.

आणखी दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या वर्गखोल्यांपैकी १९९४ मध्ये ३ टक्के खोल्यांत इंटरनेट होतं, २००५ मध्ये ९४ टक्के. यामागे १९९६ च्या कायद्यातून आलेली ई-रेट सवलत होती. गरीब मुलांचं प्रमाण पाहून शाळेला जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सूट मिळते, खेड्यातल्या शाळेला थोडी जास्त. म्हणजे तार पोचली. पण दक्षिणेत गोरे जास्त असलेल्या शाळांतल्या काळ्या मुलांचं प्रमाण १९८८ मध्ये शंभरात ४३-४४ होतं, ते २०११ पर्यंत २३ वर उतरलं. इंटरनेटमुळे उतरलं असं कोणी म्हणू नये. १९९१ पासून न्यायालयांनी आपले आदेश उठवायला सुरुवात केली आणि शाळा जुन्या चाकोरीत गेल्या. मुद्दा एवढाच, की तार आली म्हणून मुलं एकमेकांशेजारी बसली नाहीत. ती दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींसाठी वेगळे हात लागतात.

थ्रीफेज

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी हिशेब, मग खरेदी. उलटं केलं की दीड लाख भंगारात जातात.

३४ मुलांना ३४ टॅब घेऊ नका. चार मुलांत एक, म्हणजे ९, आणि एक राखीव, असे १०. रोजची वीज अशी लागेल. ४३ इंची टीव्ही साधारण ९० वॅट, दोन तास चालला तर १८० वॅट-तास. टॅबची बॅटरी २६ वॅट-तासांची, चार्जरमधली घट धरून ३५. दहा टॅबचे ३५०. छोटा सर्व्हर आणि राउटर मिळून १५ वॅट, पाच तासांचे ७५. आता पंखे. जुना पंखा ७५ वॅट खातो. दोन पंखे पाच तास म्हणजे ७५०, बाकी सगळ्या सामानापेक्षा जास्त. कमी विजेवर चालणारा बीएलडीसी मोटारीचा पंखा ३० वॅटचा असतो, दोन पंखे पाच तासांना ३०० वर भागतात. म्हणून पहिली खरेदी पंख्यांची करा. एकूण ९०५, म्हणजे रोज एक युनिट धरा.

१२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची असते. पण लेड-अॅसिड बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर दोन वर्षांत बसते. अर्धे धरा, ९००. इन्व्हर्टरची घट वजा जाता ७४० हाती येतात. सूर्यप्रकाशात पॅनल थेट भार उचलतं, त्यामुळे एक बॅटरी पुरते. लाईन आणि ऊन दोन्ही नसलेल्या श्रावणी दिवशी टॅब चार्जिंग उद्यावर टाकायचं, एवढी शिस्त हवी.

सगळ्यात जास्त फसवणूक पॅनल आणि चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत सोडणारं यंत्र) यांच्या जोडीत होते. दुकानदार ५४० वॅटचं एक मोठं पॅनल दाखवतो आणि स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावतो. ते पॅनल सुमारे ४१ व्होल्टवर १३ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम पॅनलला खेचून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो. १३ गुणिले १३, म्हणजे १७० वॅटच्या आत. ५४० चे पैसे मोजून एक तृतीयांश पण मिळत नाही. एक तर एमपीपीटी कंट्रोलर घ्या, तो पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीजोगं करून घेतो, किंवा १२ व्होल्ट प्रकारची १६५ वॅटची दोन पॅनल समांतर जोडा. ५४० वॅट आणि एमपीपीटीवर स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिटाच्या वर मिळतं, जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या निम्मं किंवा तिसरा हिस्सा. कोटेशन घेताना कंट्रोलरचा प्रकार लिहून मागा. तोंडी ऐकून घेऊ नका.

आमच्या भागात काय बिघडतं ते सांगतो.

काळ्या मातीला मे महिन्यात हातभर भेगा पडतात. अर्थिंगचा रॉड त्या भेगेत सैल उभा राहतो, मातीशी संबंध तुटतो. मग जूनच्या पहिल्या वादळात टीव्हीचा बोर्ड जातो. खड्ड्यात कोळसा-मीठ किंवा तयार भराव घाला, वर उघडं तोंड ठेवा, मार्च ते जून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाका. रोध ५ ओहमच्या आत आहे का हे बसवणाऱ्याकडून मोजून घ्या.

शेतीपंपांची लाईन आली की व्होल्टेज पडतं, गेली की उसळतं. टीव्ही थेट भिंतीच्या प्लगात लावू नका, इन्व्हर्टरमागेच लावा.

उन्हाळ्याची सुट्टी हा खरा काळ. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. दोन महिने बंद पडलेली बॅटरी स्वतःच उतरत जाते, प्लेटांवर सल्फेट बसतं, शाळा उघडते तेव्हा ती मेलेली असते. सुट्टीच्या आदल्या दिवशी डिस्टिल्ड वॉटर भरा, पूर्ण चार्ज करा, भार काढा, पण पॅनल आणि कंट्रोलर चालू ठेवा. पंधरा दिवसांनी कोणीतरी पाण्याची पातळी पाहिली पाहिजे. टॅबचं उलट आहे. पूर्ण चार्ज करून लोखंडी कपाटात ठेवले आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला असलं, तर बॅटऱ्या फुगतात आणि काच उचलली जाते. निम्म्या चार्जवर बंद करून, थर्माकोलच्या खोक्यात, खोलीत सगळ्यात खाली आणि उत्तरेकडे ठेवा. छत कवेलूचं असेल तर पॅनल छतावर नको. माकडं आणि वजन, दोन्ही. अंगणात पाइपच्या मांडणीवर, आठ फुटांवर, जाळी लावून बसवा.

इंटरनेटवर विसंबू नका. सरकारच्या दीक्षा अॅपमध्ये पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या चित्रफिती उतरवून घेता येतात आणि एका टॅबवरून दुसऱ्यावर देता येतात. रेंज मिळेल तिथे महिन्यातून एकदा उतरवा. सर्व्हर करायचा तर रास्पबेरी पाय ४ हा हातात मावणारा संगणक, १२८ जीबी कार्ड, इंटरनेटशिवाय धडे दाखवणारं कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर, आणि वेगळा राउटर. पायच्या स्वतःच्या वायफायवर दहा टॅबनी एकदम व्हिडिओ लावला की अडखळतो. चार्जर ५ व्होल्ट ३ अँपिअरचाच हवा. मोबाइलचा कमजोर चार्जर लावला तर मशीन मध्येच बंद होतं आणि कार्ड खराब होतं. सगळं चालू झालं की कार्डची दुसरी प्रत करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावीच लागते. आजच्या भावाने पंधरा-सोळा हजार. म्हणून दरवर्षी चार हजार बाजूला पडतील अशी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात ओळ घालून घ्या. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या ग्रामसभा कायद्याखाली असाल, तर अबंध निधीतून (ग्रामसभेने ठरवून खर्चायच्या पैशातून) मागता येतं. ही ओळ नसेल तर टीव्ही घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि अमेरिकेतलं एक. लॉस एंजेलिसने २०१३ मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायचं ठरवलं, एकूण योजना शंभर कोटी डॉलरच्या वर. काही दिवसांतच शेकडो पोरांनी त्यातली बंधनं काढून टाकली, आत भरलेला अभ्यासक्रम अपुरा निघाला, आणि २०१४ मध्ये करार थांबवावा लागला. यंत्र आधी आणि धडा नंतर, हा क्रम चुकला.

कवेलू

दोघांचे मनापासून आभार. पंख्यांचं कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आता उरलेला प्रश्न. न्यू केंटमध्ये दोन्ही शाळा एकाच मंडळाच्या होत्या, म्हणून आदेश देता आला. आमच्याकडे कॉन्व्हेंट खासगी आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून काही होईल का? आणि व्हॅनवाल्या पालकांशी बोलायचं तर काय घेऊन बोलायचं?

मोहफूल

२५ टक्क्यांनी तुमचा प्रश्न सुटणार नाही. कारण समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) मधली ही तरतूद वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना खासगी विनाअनुदानित शाळेच्या प्रवेशाच्या वर्गात जागा देते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा सोडून. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. उच्च न्यायालयाने मे मध्ये तिला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये ती रद्द केली. तरतूद मोलाची आहे आणि ती टिकली हे चांगलंच झालं. पण प्रवेशात घर आणि शाळा यांच्या अंतराला महत्त्व असतं. १४ किलोमीटरवरच्या पोडावरच्या मुलाला जागा लागली तरी व्हॅनचं भाडं कोण देणार? शिवाय ही वाट तुमच्याकडून तिकडे जाते. तिकडची मुलं इकडे आणायची सोय तीत नाही.

वर्धाकाठ सरांनी कॅन्सस सिटी सांगितलं, त्याच्या जोडीला डेट्रॉइटचा १९७४ चा मिलिकन निकाल पाहा. शहराची हद्द ओलांडून उपनगरांच्या शाळांना योजनेत घ्यायला न्यायालयाने मनाई केली, तीही पाच विरुद्ध चार मतांनी. तुमचं उपनगर म्हणजे तालुक्याची शाळा. ग्रामसभेचा हात तिथे पोचत नाही. जिथे पोचतो तिथेच जोर लावा, आणि ती जागा पहिलीचा वर्ग नाही, अंगणवाडी आहे. कॉन्व्हेंट मूल तिसऱ्या वर्षी नर्सरीत घेतं. तुम्ही सहाव्या वर्षी पटनोंदणीला जाता तेव्हा त्या घरात गणवेश, पुस्तकं, व्हॅन, मित्र, सगळं ठरून तीन वर्षं झालेली असतात.

अंगणवाडी शाळेच्या आवारात आणता येत असेल तर तो प्रस्ताव आधी द्या. खोली नसेल तर रोज शेवटचा एक तास मोठ्या गटाची मुलं पहिलीच्या वर्गात बसू द्या. व्हॅनवाल्या पालकांना भेटाल तेव्हा एकेकट्याला भेटू नका. ‘माझंच मूल एकटं तिथे का’ या भीतीपोटी एकटं घर कधी हलत नाही. न्यू केंटमध्येही निवडीचं ओझं एकेका घरावर होतं, म्हणूनच वॉटकिन्समध्ये कोणी आलं नाही. तीन ते पाच वर्षांची मुलं असलेली सहा-सात घरं एका बैठकीत बसवा, आणि ती एकाच वर्षी, एकाच दिवशी नाव घालतील असं पाहा. सोबत तीन कागद न्या. व्हॅनचा आणि फीचा वर्षाचा हिशेब, तुमच्या चौथी-पाचवीच्या मुलांनी तिथेच वाचून दाखवलेला उतारा, आणि दोन्ही शिक्षकांच्या उपस्थितीची नोंद. इंग्रजीचा प्रश्न येईलच. जि.प. शाळेत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे, पण ते ऐकू आलं पाहिजे. परिपाठात रोज पाच मिनिटं मुलांनी इंग्रजीत बोललं की पालक खिडकीशी थांबतात.

आता आतली बाजू. मुलं एका छपराखाली आली तरी वर्गात वेगळी होऊ शकतात. वॉशिंग्टन शहरात ब्राउन निकालानंतर मुलांना चाचणी घेऊन गटांत वाटायला लागले, आणि खालच्या गटात काळी आणि गरीब मुलं साचली. त्या चाचण्या मध्यमवर्गीय गोऱ्या मुलांवर बेतलेल्या होत्या. १९६७ मध्ये न्यायालयाने ती पद्धत बंद केली. आपल्याकडे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे स्तर करतो, त्याचंही तेच होऊ शकतं. कोलाम मूल घरी कोलामी बोलतं, पारधी मूल पारधी. मराठी शब्द माहीत नाही म्हणून ते अक्षरगटात बसतं, आणि वर्षभर तिथेच राहतं. स्तरगट फक्त भाषेच्या आणि गणिताच्या तासाला ठेवा, दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून बदला, बाकी सगळे तास मिश्र बसवा. प्रत्येक तपासणीनंतर गटांची यादी वस्तीप्रमाणे मोजा. एखाद्या गटात एकाच वस्तीची मुलं दिसली तर चूक चाचणीत आहे का ते आधी बघा.

टॅबच्या चारच्या गटात तीन वस्त्यांची मुलं असावीत. टॅब हातात कोणाच्या, हे दर दहा मिनिटांनी बदलायचं, नाहीतर एकच धीट मूल तासभर धरून बसतं आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून पाहतात. मोबाइलवर गृहपाठ अजिबात देऊ नका, पोडावर प्रत्येक घरी फोन नसतो. अमेरिकेत घरी इंटरनेट नसल्यामुळे मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न कोविडमध्ये इतका वाढला, की वायफाय लावलेल्या बस वस्त्यांत नेऊन उभ्या केल्या. टॅबचा एक फार चांगला उपयोग म्हणजे पोडावरच्या आया-आज्यांकडून घरातले, रानातले, अंगाचे मिळून दीडशे शब्द कोलामीत बोलून घेणं, प्रत्येकाला चित्र जोडणं, आणि पहिलीच्या वर्गात दोन्ही भाषांत लावणं. गावठाणातलं मूल चार कोलामी शब्द शिकलं तर तेही शिक्षणच आहे.

खिचडीच्या पंगती आणि माठ, या दोन गोष्टींवर दुर्लक्ष नको. पंगत हजेरीच्या क्रमाने, ओगराळं एकच, रोज वाढणारी मुलं पाळीने. शाळेत भेदभाव होऊ न देणं ही कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाची कायदेशीर जबाबदारी आहे, शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट नाही.

नागनदी

सगळं वाचलं. एक आक्षेप आहे आणि तो मनापासून आहे. ‘मुलं परत आणायची’ हेच ध्येय ठेवलं की आज बसलेली ३४ मुलं जणू कमी पडतात असा अर्थ होतो. अमेरिकेत ही चूक महागात पडली. एकत्रीकरण म्हणजे काळ्यांची शाळा बंद करून मुलं गोऱ्यांच्या शाळेत पाठवणं, असंच बहुतेक ठिकाणी झालं. हजारो काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक घरी बसले. ज्या टोपेका शहरातून ब्राउन खटला आला, तिथे निकालाच्याही आधी, १९५३ मध्ये, निकाल विरोधात गेला तर पुढच्या वर्षी नेमणूक मिळणार नाही अशी पत्रं काळ्या शिक्षकांना गेली होती. त्या शिक्षकांनी मुलांना ओळखलेलं असायचं. ती ओळख गेली.

दुसरी टोकाची गोष्ट व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची. एकत्र शाळा नको म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्यांच्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, काळ्या मुलांपैकी बरीच पाच वर्षं घरी राहिली. आपल्याकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. पट ३४ आहे, पण आणखी दोन व्हॅन वाढल्या तर तुमचीही शाळा त्या रेषेजवळ येईल. तेव्हा पोडावरचं मूल कुठे जाणार, हे ग्रामसभेत आत्ताच विचारा.

जात आणि रंग एकच नाहीत, तरी ही दोन दुःखं एकमेकांना ओळखतात. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या आणि इथल्या अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. म्हणून मी म्हणतो, पहिला ठराव या ३४ मुलांसाठी घ्या, मग बाकीचे आले तर त्यांचं स्वागतच आहे. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हव्यात, हे कलम २१ मध्येच आहे. पोड आणि बेडा यांचे पालक खरंच समितीत आहेत का, की सही घेण्यापुरते?

वर्धाकाठ

नागनदी, शिक्षकांचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, तुमचं बरोबर आहे. ग्रीनच्या यादीत शिक्षक आहेत ते त्यामुळेच.

कवेलूभाऊ, ठरावात तारखा घाला. अंगणवाडीचा प्रस्ताव १५ फेब्रुवारीपर्यंत, सहा बाबींचा तक्ता फेब्रुवारीच्या मासिक बैठकीत, सहा-सात घरांची बैठक पटनोंदणीच्या आधी म्हणजे गुढीपाडव्यापूर्वी. शेवटची तारीख १ मे च्या ग्रामसभेची ठेवा, त्या दिवशी झालेल्या आणि न झालेल्या कामांचं वाचन. प्रत्येक कामापुढे एका सदस्याचं नाव हवं. ‘समिती करेल’ असं लिहू नका. हे सगळं कलम २२ प्रमाणे करायच्या शाळा विकास आराखड्यातही उतरवा, म्हणजे पुढच्या निधीची मागणी त्यावरून करता येते.

कवेलू

समितीत बेड्यावरचा एकही पालक नाही, आत्ता यादी काढून पाहिली. ते आधी करतो. थ्रीफेज भाऊ, एक शेवटचं. शाळेला दोन खोल्या, दोन्हींचं छत कवेलूचं, अंगणात दक्षिणेला मोठं कडुनिंब. पॅनल कुठे?

थ्रीफेज

कडुनिंब तोडू नका. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला त्याची सावली कुठपर्यंत येते ते खडूने आखून घ्या, आत्ता जानेवारीतच, कारण या दिवसांत सावली सगळ्यात लांब पडते. तिन्ही रेषांच्या बाहेर जी जागा उरेल तिथे खांब रोवा. पॅनलचा एक कोपरा जरी सावलीत आला तरी उत्पादन एका कोपऱ्यापुरतं नाही, कितीतरी जास्त पडतं. तोंड दक्षिणेला, उतार २० अंशांच्या आसपास. खांबाचा पाया काळ्या मातीत नुसता गाडू नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तीन फूट खोल खणा, तळाला मुरूम ठोकून बसवा, मग काँक्रीट. वायर खांबापासून खोलीपर्यंत जमिनीतून पाइपमध्ये न्या आणि पाइपची दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर उंदीर आत घर करतात.